घरच्या पेटीत ‘गन’ कशाला?

चैत्र सरत आला की लालबागच्या मसाला गल्लीत मिरचीचा ठसका रस्त्यापर्यंत येतो. घराघरांतून निवडून, वाळवून, भाजून आणलेल्या मिरच्या, धणे, दगडफूल डंकावर चढतात आणि लोखंडी मुसळं धडाधड पडत राहतात. बघता बघता वर्षाचा मसाला डब्यात. त्याच घरांच्या ओट्यावर कोपऱ्यात एक छोटा खलबत्ताही असतो. चहात टाकायचे दोन वेलदोडे त्यात ठेचले जातात. डंकाचं काम झटपट होतं म्हणून डंकच घरी आणून बसवावा, असं कुठल्याही गृहिणीच्या मनात येत नाही.

घरच्या घरी गाडीची कामं करणाऱ्या हौशी मंडळींच्या मनात मात्र नेमकं तेच येऊ लागलं आहे. टायरच्या दुकानात ‘गन’ म्हणून ओळखली जाणारी, नट सोडवणारी-आवळणारी इम्पॅक्ट रेंच, तीही कारखान्यातल्या कामाची, हजार न्यूटन-मीटरची, आपल्या पेटीत असावी अशी त्यांची इच्छा असते. श्रोतेहो, हौस चांगलीच आहे. स्वतःच्या गाडीखाली स्वतः शिरणारा माणूस कौतुकाचा. त्याचे पैसे चुकीच्या हत्यारात अडकू नयेत, एवढ्यासाठी आजची ही मिनिटं.

गनच्या पोटात खरोखरच एक छोटा डंक असतो. मोटर किंवा हवेचा दाब आतला हातोडा गरगर फिरवतो आणि तो हातोडा पुढच्या चौकोनी दांड्याच्या खांद्यावर ठोके घालतो. बॅटरीच्या गनमध्ये असे ठोके मिनिटाला दोन-तीन हजार पडतात. प्रत्येक ठोका क्षणभराचा असल्यामुळे नटावर प्रचंड जोर येतो, पण धरणाऱ्याच्या मनगटाला हिसका बसत नाही. हीच तिची खुबी आणि घरच्या वापरात हीच तिची खोड. किती जोर लागला, हे हाताला कळतच नाही. साध्या पान्याने आवळताना नट बसला की हाताला समजतं. बोल्ट ताणायला लागला की पाना किंचित मऊ लागतो आणि जुना मिस्त्री तिथेच थांबतो. गनचं बटण दाबून धरणाऱ्यापर्यंत तो निरोप पोचत नाही.

आता थोडा हिशोब, न्यूटन-मीटरचा, म्हणजे पिळण्याच्या जोराच्या मापाचा. लहान मोटारींच्या चाकांचे नट साधारण 80 ते 120 न्यूटन-मीटरला आवळायचे असतात. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या माहितीपुस्तकात मिळतो. अर्ध्या मीटरच्या दांड्याच्या टोकाला 20 किलोचा भार दिला की 98 न्यूटन-मीटर होतात. 20 किलो म्हणजे पाण्याने काठोकाठ भरलेली एक मोठी बादली. बस्स, इतकंच. दुचाकीच्या इंजिन ऑइलच्या बोल्टाला 20 ते 30 पुरतात. दहाचा पाना लागणाऱ्या बारक्या बोल्टाला जेमतेम 10. या आकड्यांशेजारी गनच्या खोक्यावरचा हजाराचा आकडा ठेवून पाहावा.

आणि तो हजाराचा आकडाही नीट वाचावा. खोक्यावर ठळक छापलेला मोठा आकडा पुष्कळदा नट सोडवण्याच्या जोराचा असतो. आवळण्याचा आकडा वेगळा आणि कमी असतो. इथेच आजच्या बोलण्याचा गाभा आहे. सोडवणं वेगळं आणि आवळणं वेगळं. सोडवताना जोर जास्त झाला तर फार तर गंजलेला बोल्ट तुटेल. आवळताना जास्त झाला तर ते त्या दिवशी कुणालाच कळत नाही. कळतं ते सहा महिन्यांनी, भलत्या जागी.

ती भलती जागा म्हणजे, समजा, आंबा घाट. पावसाळ्याची संध्याकाळ, मागचं चाक बसलेलं, स्टेपनी काढून ठेवलेली. गाडीसोबत आलेला पाना वीतभराहून थोडा मोठा, 25 सेंटिमीटरचा. नट 100 न्यूटन-मीटरला आवळलेला असेल तर त्या पान्यावर 40 किलोचा भार पुरतो, म्हणजे एक पाय देऊन काम होतं. पण मागच्या वेळी चाक बसवताना कुणी गनचं बटण चार सेकंद जास्त दाबलं आणि नट 300 वर जाऊन बसला असेल, तर त्याच पान्यावर सव्वाशे किलोच्या आसपास भार लागेल. गाडीत बसलेल्या मुलीने दोन्ही पायांनी त्या पान्यावर उड्या मारल्या तरी नट हलत नाही. पाना घसरतो, नटाचे कोपरे गोल होतात आणि मागून ट्रक येत असतात. लहान गाडीच्या नटाला 300 न्यूटन-मीटर देणं हजाराच्या गनला काहीच जड नसतं.

नटांवरचा जोर असमान पडला तर ब्रेकची डिस्क किंचित वाकडी बसते आणि ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरायला लागतं. दुचाकीचं ऐका. ऑइलचा बोल्ट पोलादी, पण तो ज्यात शिरतो ते इंजिनाचं आवरण ॲल्युमिनियमचं. हाताने दोन-तीन वेढे न फिरवता थेट गन लावली तर बोल्ट तिरका शिरतो, एकच ‘टर्रर्र’ आवाज होतो आणि बोल्टाबरोबर चांदीसारखी चकाकती तार बाहेर येते. ती तार म्हणजे इंजिनाचे आटे. 30 न्यूटन-मीटरच्या कामासाठी इंजिनाला नवे आटे पाडून घेण्याची वेळ येते.

मग या गन असतात कुणासाठी? बस-ट्रकच्या चाकांचे जाड नट 600 न्यूटन-मीटरच्या आसपास आवळावे लागतात, एकेका चाकाला आठ किंवा दहा. एसटीच्या दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळांच्या आकाराचं काम डोळ्यांसमोर आणलं, तर हाताने नट सोडत बसणं कुणालाच परवडणार नाही, हे पटतं. पुलांच्या सांगाड्यात उच्च ताकदीचे 24 मिलिमीटरचे बोल्ट आठशे-हजाराच्या घरात जातात. तिथे डंकच हवा. पण अशा ठिकाणीसुद्धा शेवटचं आवळणं मोजूनच करायचं असतं.

हवेवर चालणाऱ्या मोठ्या गनची आणखी एक अडचण. तिला 90 पीएसआय दाबाची हवा अखंड लागते. घरगुती कॉम्प्रेसरची छोटी टाकी काही सेकंदांत दम टाकते. मोठा कॉम्प्रेसर थ्री-फेज मागतो, आणि बहुतेक घरांत असतं सिंगल-फेज. आवाजाने कान जातात ते वेगळंच. आणि नटावर बसणाऱ्या चकाकत्या क्रोमच्या गोट्या, म्हणजे सॉकेट, गनला लावू नयेत, त्या तडकून उडतात. काळ्या क्रोम-मॉलिब्डेनमच्याच लावाव्यात आणि डोळ्यांवर चष्मा असावा. यावर खरं तर वेगळं बोलायला हवं.

गन घरात कधीच नको, असं मात्र नाही. स्कूटरच्या व्हेरिएटरचा नट पान्याने सोडवू गेलं की अख्खा व्हेरिएटरच फिरतो, तिथे ठोक्याचा उपयोग होतो. होंडाच्या मोटारींचा क्रँक पुलीचा बोल्ट हट्टीपणासाठी जगभरच्या मेकॅनिकांत प्रसिद्ध आहे. मालवण-रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत नट जाम होतात. कॅनडात राहणारी मराठी कुटुंबं थंडीचे आणि उन्हाळ्याचे टायर वर्षातून दोनदा बदलतात, तेही मीठ टाकलेल्या रस्त्यांवर चाललेल्या चाकांचे. अशा सगळ्या कामांसाठी 250 ते 400 न्यूटन-मीटरची बॅटरीची मध्यम गन भरपूर झाली. हजाराची नको. आणि तीही सोडवण्यासाठीच, हे पुन्हा सांगायला हवं. एखादा क्रँकचा बोल्ट तिलाही दाद देत नसेल, तर त्या एका कामासाठी गाडी गॅरेजवाल्याकडे न्यावी, जसा वर्षाचा मसाला डंकावर नेतात.

बाकी चाकांच्या कामासाठी घरच्या पेटीला दोन वस्तू पुरतात. एक, 60 सेंटिमीटरचा लांब दांडा. त्याच्या टोकाला 50 किलोचा भार दिला की जवळजवळ 300 न्यूटन-मीटर होतात. नीट आवळलेला लहान मोटारीच्या चाकाचा नट त्यापुढे सुटतो. जाम असेल तर गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्यावं. दुसरी वस्तू टॉर्क रेंच, साधारण 40 ते 200 न्यूटन-मीटरपर्यंत मोजणारी. आकडा लावायचा, समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळायचे, आणि ‘टक’ आवाज आला की हात काढायचा. तिने नट कधी सोडवू नयेत, आणि काम झालं की आकडा सगळ्यात खाली आणून ठेवावी.

शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचं गणित यापेक्षा निराळं आहे; मागच्या मोठ्या चाकाला... पण घड्याळ पुढे गेलं आहे, ते पुढच्या खेपेला. तोवर येत्या रविवारी एवढं करून पाहावं. गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा आणि चाक जमिनीवर असतानाच गाडीतल्या त्या छोट्या पान्याने प्रत्येक चाकाचा एकेक नट सुटतो का पाहावं. सुटला तर मोजून परत आवळावा. नाहीच सुटला तर घाट चढण्याआधी टायरवाल्याकडे जावं, आणि तो गन उचलेल तेव्हा त्याला सांगावं, “दादा, सोडायला चालेल, बसवताना हाताने.”