चिठ्ठ्या, थैली आणि कोलकात्यातले दोन दिवस
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



समितीने मला सांगितलं, "तू खूप फिरतेस, प्रवासावर दहा मिनिटं बोल." खरं तर माझ्यापेक्षा जास्त फिरलेल्या इथे निदान आठजणी आहेत. त्यातल्या तिघी माझ्याबरोबरच फिरल्या. त्यांची नावं घेणार नाही. त्या समोरच बसल्यात आणि आत्ताच एकमेकींना कोपरानं ढोसतायत, त्यामुळे तुम्हाला कळलंच असेल.

बोलणार आहे ते 1994 च्या नोव्हेंबरातल्या सहलीबद्दल, आणि तेही तिच्या शेवटच्या दोन दिवसांबद्दल. दहावी होऊन नऊ वर्षं झाली होती. आम्ही चौघी पाठीवर सॅक लावून दार्जिलिंगच्या बाजूला संदकफूला गेलो होतो. उंची 3636 मीटर, पश्चिम बंगालमधलं सर्वांत उंच ठिकाण. मानेभंजनपासून चालत वर. वरून कांचनगंगा दिसते, हवा स्वच्छ असेल तर लांबवर एव्हरेस्टही दिसतं. आम्हाला दोन्ही दिसली. त्याचं वर्णन मी करणार नाही, फोटोंचा अल्बम मागच्या टेबलावर आहे.

मुद्दा पैशांचा आहे. निघण्याआधी आमच्यातल्या एकीने, तिला मी खजिनदार म्हणते, एक युक्ती केली होती. चौघींना चार कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या. "या सहलीला तुला जास्तीत जास्त किती टाकता येतील, तो आकडा लिही. नाव लिहू नकोस." चिठ्ठ्या घडी करून तिच्या भावाच्या टोपीत टाकल्या. तिने त्या एकटीने वाचल्या, चुलीत घातल्या आणि सांगितलं, "प्रत्येकी अठराशे." सर्वांत लहान आकडा तिने सगळ्यांसाठी धरला होता. कुणाचा होता ते तिने आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही. तिने सांगितलं नाही, म्हणून मी सांगते. तो माझा होता. वडिलांचं दुकान त्या वर्षी बंद झालं होतं, आणि माझा पहिला पगार सुरू होऊन जेमतेम सात महिने झाले होते.

सगळे पैसे एका खणाच्या थैलीत. थैली खजिनदाराच्या गळ्यात. नियम एकच, खर्च करायचा तो थैलीतून.

संदकफूहून उतरताना एकीचा पाय मुरगळला. त्या खडकाळ रस्त्यावर तेव्हा जुन्या लँड रोव्हर गाड्या चालायच्या, त्यातली एक करावी लागली आणि थैली एकदम हलकी झाली. न्यू जलपाईगुडीला दार्जिलिंग मेलमध्ये बसलो तेव्हा खजिनदाराने मोजलं, 184 रुपये. परतीचं तिकीट थेट कऱ्हाडपर्यंत काढलेलं होतं, ही देवाची कृपा. पण हावड्याहून मुंबई मेल होती मंगळवारी रात्रीची, आणि आम्ही सियालदाला उतरणार होतो सोमवारी सकाळी. मुंबई मेलमधल्या जेवणाखाण्याला तिने 80 बाजूला काढले. रात्रीच्या मुक्कामाला 24 धरले. उरले 80. म्हणजे माणशी दिवसाला दहा रुपये, त्यातच खाणं, फिरणं आणि कोलकाता बघणं.

(तेव्हा आपण कलकत्ताच म्हणायचो. नाव 2001 साली बदललं.)

मुक्कामासाठी बडाबाजारातल्या एका धर्मशाळेत गेलो. मुनीमजींनी चष्म्यावरून चौघींकडे पाहिलं आणि विचारलं, "संग में कौन है?" आम्ही म्हटलं, आम्हीच आहोत. ते म्हणाले, अशा नुसत्या मुलींना खोली मिळत नाही. तेव्हा खजिनदाराने सॅकच्या आतल्या कप्प्यातून एक पाकीट काढलं. बाई, तुम्हाला आठवतंय का माहीत नाही. निघण्यापूर्वी आम्ही तुम्हाला नमस्कार करायला आलो होतो, तेव्हा तुम्ही विचारलंत, "ओळखीचा कागद काही आहे का जवळ?" आणि शाळेच्या कागदावर स्वतःच्या हाताने इंग्रजीत चार ओळी लिहून दिल्यात की या आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थिनी आहेत, त्यांना मी लहानपणापासून ओळखते. मुनीमजींनी तो कागद दोनदा वाचला. मजकुरापेक्षा खालच्या गोल शिक्क्याकडे जास्त वेळ पाहिलं. मग किल्ली दिली. त्या रात्री आम्ही चौघी निर्धास्त झोपलो, बाई.

आता कोलकाता. दहा रुपयांत बघायला याहून चांगलं शहर मला अजून भेटलेलं नाही. सोमवारी तिथलं मोठं संग्रहालय बंद, व्हिक्टोरिया मेमोरियलही बंद, हे तिथे गेल्यावर कळलं. मग ट्राम. ट्रामला दोन डबे असायचे. पुढच्यात पंखे, मागच्यात नाहीत, म्हणून मागचा स्वस्त. नोव्हेंबरात पंखा कुणाला हवाय? एस्प्लनेडहून खिदिरपूरला जाणारी ट्राम तेव्हा मैदानातल्या गवतातून, झाडांच्या सावलीतून जायची. आम्ही शेवटपर्यंत गेलो आणि त्याच ट्रामने परत आलो. उतरायचं कुठेच नव्हतं. दुसऱ्या ट्राममध्ये एका आजोबांनी कुठून आलात विचारलं. महाराष्ट्र म्हटल्याबरोबर ते हसून शेजारच्यांना म्हणाले, "बर्गी!" नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांची आठवण तिथल्या अंगाईगीतातसुद्धा राहिली आहे. मराठ्यांच्या धास्तीने 1742 साली शहराभोवती खंदक खणायला घेतला होता. तो पुरा झालाच नाही. पुढे बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड झाला. आजोबांनी हे सगळं रागाने नाही, कौतुकाने सांगितलं आणि उतरताना आमच्या चौघींचं तिकीट काढून गेले. खजिनदाराने वहीत जमेच्या बाजूला लिहिलं, "शत्रूपक्षाकडून, ट्राम."

संध्याकाळी हावडा पूल पायी ओलांडला. 1943 साली वाहतुकीला खुला झालेला हा पूल नटबोल्टांनी नाही, रिवेटांनी जोडलेला आहे. खाली मल्लिक घाटावर झेंडूच्या माळांचे डोंगर. परत येताना होडीने. बोटीच्या कठड्याला टेकून आम्ही मातीच्या कुल्हडातला चहा प्यायलो आणि आपल्या कृष्णेच्या घाटाशी तुलना करून भांडलो.

दुसऱ्या दिवशी हावड्याला सॅक ठेवायला गेलो. क्लोकरूममध्ये कुलूप नसलेलं सामान घेत नाहीत, आणि सॅकला कुलूप लावायचं कुठे? शेवटी दोरी ओवायच्या छिद्रांतून कुलपं अडकवली. चार कुलपं विकत घेण्यात पुन्हा थैली गळली. माणशी दहाचे साडेसहा झाले.

आणि त्याच दुपारी पार्क स्ट्रीटवर जे झालं, ते सांगायला मी इथे उभी आहे.

एका हॉटेलच्या दारातून वास आला. दोन दिवस आम्ही कचोरी-तरकारी, मुरमुरे आणि केळी यांच्यावर होतो. आमच्यातली एक थांबली आणि म्हणाली, "अगं, आईने माझ्या परकराच्या नेफ्यात दोनशे शिवून दिलेत. अडीअडचणीला म्हणून. चला, बिर्याणी खाऊ. माझ्याकडून." तिच्या मनात पाप नव्हतं. ती आजही तशीच आहे, हातातलं देऊन टाकणारी. दुसरी म्हणाली, "माझ्याकडेही थोडे आहेत." मग तिघींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तुम्ही जा. माझं पोट भरलंय. मी मैदानात बसते."

माझं पोट भरलेलं नव्हतं. सकाळपासून दोन केळी खाल्ली होती. पण मैत्रिणीने भरवलेली बिर्याणी मला नको होती. आदल्या रात्रीपर्यंत त्या चौघींत मी अठराशेची एक वाटेकरी होते. त्या दारातून आत गेले असते तर पाहुणी झाले असते.

खजिनदाराने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं की नाही, मला माहीत नाही. ती एवढंच म्हणाली, "नेफ्यातले पैसे अडचणीला आहेत. बिर्याणी ही अडचण नाही." फुटपाथवर अर्धा तास वाद झाला, बऱ्यापैकी कडाक्याचा. "तू काय आमची मास्तरीण आहेस?" इथपर्यंत. शेवटी मैदानात बसून चौघींनी झालमुडी खाल्ली. मोहरीचं तेल, हिरवी मिरची, ओल्या नारळाचे तुकडे. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. त्या बिर्याणीची हळहळ मला अजून आहे, हेही सांगून टाकते.

मग उरलेल्या पैशांत संग्रहालय. 1814 साली स्थापन झालेलं. आत भारहूतच्या स्तूपाचा तांबड्या दगडाचा कठडा आहे, इसवीसनापूर्वीचा. सर, तुमच्या तासाला त्याचं एक काळपट चित्र पाहिलं होतं. प्रत्यक्षात खांबांवर यक्षी, हत्ती, जातककथा, आणि जागोजागी ब्राह्मी लिपीतल्या लहान लहान ओळी. तिथल्या माणसाने सांगितलं, ही दान देणाऱ्यांची नावं. कुणी एक खांब दिला, कुणी एक आडवी पट्टी. भिक्खुणी आहेत, घरातल्या बायका आहेत. असा तुकड्या-तुकड्यांनी तो सगळा कठडा उभा राहिला. पाय मुरगळलेली मैत्रीण हळूच म्हणाली, "ही वर्गणीच की गं!" आणि आमचा अबोला तिथे सुटला.

परत आल्यावर सरांना हे सांगितलं, तर त्यांनी कपाटातून पुस्तक काढून दाखवलं. भारहूतच्या त्या लेखांत 'करहकट' नावाच्या गावाचं दान आहे. एका माणसाचं नाही, आख्ख्या गावाचं. अभ्यासक करहकट म्हणजे आपलं कऱ्हाड मानतात. दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या लोकांनी पैसे गोळा करून पार मध्य प्रदेशातल्या सतन्याकडे पाठवले होते. कुणी किती दिले, ते दगडावर नाही.

कऱ्हाड स्टेशनवर उतरलो तेव्हा थैलीत तीन रुपये होते. खजिनदाराने प्रत्येकीच्या हातावर बारा-बारा आणे ठेवले.

आता कामाचं बोलते. पुढच्या वर्षीच्या आपल्या सहलीचं पत्रक सगळ्यांना मिळालंय. कोकणातलं रिसॉर्ट, तीन दिवस, माणशी साडेअकरा हजार. समितीने मेहनत घेतली आहे, त्यात शंका नाही. यादीत आपण 52 जणी. नावं आली 23. उरलेल्यांना मी फोन केले. कारणं अशी मिळाली: नातवंडांची परीक्षा, गुडघे, घरी पाहुणे, "मला समुद्र सोसत नाही." असेलही. काही गुडघे खरेच दुखत असतील. पण "माझं पोट भरलंय" हे वाक्य मी स्वतः बोललेली बाई आहे. ते मला फोनवरही ऐकू येतं.

काहीजणींनी मला मोठ्या मनाने सुचवलं की ज्यांना जमत नाही त्यांचे पैसे आपण वाटून भरू. कृपा करून असं करू नका. निदान असं बोलून दाखवू नका.

दाराशी पुष्पगुच्छांच्या टेबलावर एक पेटी ठेवली आहे. शेजारी कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिली आहेत. सगळ्यांना सारख्याच पेन्सिली, अक्षरावरून ओळखू नये म्हणून आकडाच लिहायचा, नाव नाही. ज्या 23 जणींनी नाव दिलंय त्यांनीही लिहायची. पेटी आमची तीच खजिनदार उघडेल, एकटी. जो सर्वांत लहान आकडा निघेल, तेवढ्यात 52 जणी जिथे जाऊ शकतील तिथे सहल जाईल. समितीला मी हे कालच विचारलंय, त्यांनी होकार दिला आहे. रिसॉर्टवाल्यांना अजून आगाऊ रक्कम दिलेली नाही.

एखादीने चिठ्ठी कोरी टाकली तरी चालेल. ती आपण शून्य धरू. मग सहल प्रीतिसंगमावर, घरून डबे घेऊन, रविवारी सकाळी सात वाजता. झालमुडी मी आणते.