परदेशप्रवास आणि घरची भीती
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मला विषय दिला तो ‘परदेशप्रवास’ एवढाच. प्रवासवर्णने आपण पुष्कळ वाचता; म्हणून आपल्या कित्येक घरांत ज्या कारणाने प्रवास घडतच नाही, त्या कारणाविषयी चार शब्द बोलावे असे ठरविले. ते कारण दर वेळी पैसा नसते. परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र घरी येऊन पडते आणि माउली म्हणते, “तिकडे काही बरेवाईट झाले तर?” मुलगा तिकडे स्थिरावलेला असतो, नातवंड चालू लागलेले असते, आणि आजी-आजोबा विमानाच्या नुसत्या नावाने धास्तावून गावीच बसलेले असतात. ही भीती मायेतून येते. तिची चेष्टा करण्यास मी उभा नाही. परंतु तिचे परीक्षण करावयास हवे.

ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून बोलताना एक गोष्ट लपविता येत नाही. एके काळी या भीतीवर ज्ञातींनीच धर्माचा शिक्का मारला होता. १८८८ साली मोहनदास गांधी बॅरिस्टर होण्यास विलायतेला निघाले, तेव्हा मुंबईतील त्यांच्या मोढ वणिक ज्ञातीने सभा भरवून त्यांस बहिष्कृत केले. आणि जो कोणी त्यांस साहाय्य करील किंवा निरोप देण्यास बंदरावर जाईल, त्यास सव्वा रुपया दंड ठरविला!

त्याच्या पाच वर्षे आधीची हकीकत आपल्या अधिक जवळची आहे. फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे आनंदीबाई जोशी यांनी भरसभेत भाषण केले. लोक जे जे विचारीत होते, ते सारे त्यांनी स्वतःच पुढे घेतले. अमेरिकेस का जाता? एकट्या का जाता? संकट ओढवले तर काय कराल? परत आल्यावर ज्ञाति बहिष्कार घालणार नाही का? वय अठरासुद्धा पूर्ण नव्हते. त्यांनी एकाही प्रश्नास हसून टाळले नाही. प्रत्येकाला निराळे उत्तर दिले. १८८६ साली त्या फिलाडेल्फिया येथे डॉक्टर झाल्या. येथे कोणी म्हणेल, “पण पुढच्याच वर्षी त्या क्षयाने गेल्या ना?” होय, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात. तिकडच्या थंडीने त्यांची प्रकृती खालावली हे नाकारता येत नाही. परंतु क्षयावर रामबाण औषध त्या काळी ना फिलाडेल्फियात होते, ना पुण्यात.

आनंदीबाईंची ती रीत आपणही उचलावी असे माझे सांगणे आहे. ‘परदेशात धोका असतो’ या वाक्याला उत्तर नाही, कारण त्यात नेमका प्रश्नच नाही. कोणता धोका, कोठे, आणि त्यावर उपाय काय, असे विचारले की बोलता येते.

विमानाचे भय सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी साधार. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. विमानतळापर्यंत मोटारीने जाताना आपण निर्धास्त असतो आणि विमानात बसल्यावर रामनाम घेतो. वास्तविक क्रम उलटा हवा. परदेशातही जपावे ते रस्त्यालाच. अमेरिकेत, युरोपच्या बहुतेक देशांत आणि दुबईत वाहने उजव्या बाजूने धावतात. रस्ता ओलांडताना आपली मान सवयीने आधी उजवीकडे वळते आणि गाडी येते डावीकडून.

दुसरे भय आजारपणाचे. हे साधार आहे, विशेषतः अमेरिकेत, जेथे रुग्णालयाचा खर्च सामान्य कुटुंबाचे कंबरडे मोडील. उपाय विम्याचा. युरोपातील शेंगेन देशांच्या अल्पमुदतीच्या व्हिसासाठी तर किमान ३०,००० युरोंचा विमा सक्तीचाच आहे. मात्र रक्तदाब, मधुमेह यांची नोंद अर्जात प्रामाणिकपणे करावी. लपविलेला आजार पुढे दावा नामंजूर होण्यास निमित्त ठरतो. औषधे हातातील पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावी. आणि भगिनींनो, खसखस नेऊ नका! संयुक्त अरब अमिरातींत व सिंगापुरात ती निषिद्ध पदार्थांत मोडते. लेकीसाठी प्रेमाने केलेल्या अनारशांनी आईला चौकशीच्या खोलीत बसविण्याचा प्रसंग यावयास नको.

ज्यांना इंग्रजी येत नाही अशा वृद्धांनी तिकीट काढतानाच विमान कंपनीकडे चाकांच्या खुर्चीची मदत मागावी. कर्मचारी दारापर्यंत सोबत करतो. यात संकोच कसला? पासपोर्ट हरवला तर स्थानिक पोलिसांत तक्रार नोंदवून भारतीय वकिलातीत जावे. स्वदेशी परतण्यापुरता आपत्कालीन दाखला तेथे मिळतो. त्यासाठी पासपोर्टची एक प्रत सामानात आणि एक घरी असावी. संकटकाळी फिरवावयाचा क्रमांक युरोपीय संघाच्या सर्व देशांत ११२ आणि अमेरिकेत ९११. हे आकडे येथेच पाठ करावे.

राहिले युद्ध. १९९० साली कुवेतवर इराकने आक्रमण केले, तेव्हा सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना विमानांनी मायदेशी आणले गेले. २०१५ मध्ये येमेनमधून, २०२२ मध्ये युक्रेनमधून पुन्हा तसेच झाले. तरीही खार्कीव्ह येथे एक भारतीय विद्यार्थी गोळाफेकीत मृत्युमुखी पडला, हे विसरता येत नाही. युद्ध पेटले २४ फेब्रुवारीस. ज्यांचे राहणे अत्यावश्यक नाही त्यांनी तूर्त देश सोडण्याचा विचार करावा, अशी सूचना आपल्या वकिलातीने १५ तारखेलाच दिली होती. म्हणून परदेशी पोचताच वकिलातीत नाव नोंदवावे आणि तिच्या सूचना घरच्यांनीही वाचाव्या.

ज्याची भीती वाटावयास हवी त्याची मात्र आपल्याला वाटत नाही. ओळखीचा कोणी दलाल थायलंड-कंबोडियात भरघोस पगाराची नोकरी सांगतो, पर्यटक व्हिसावर चला म्हणतो, आणि आपण पैसे मोजतो. अशा वाटेने गेलेले कित्येक तरुण म्यानमार व कंबोडियातील फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबले गेले. दलाल नोंदणीकृत आहे की नाही हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. पर्यटक व्हिसावर नोकरी सांगणाऱ्यास चहासुद्धा पाजू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आम्हां बापमंडळींशी थोडे बोलतो. मुलास धाडताना आपण कर्ज काढतो. तेच शहर, तेच विद्यापीठ मुलीने निवडले की ते एकाएकी असुरक्षित होते. तिला धोके अधिक आहेत, हे मान्य. पण मग तयारीही अधिक करून द्यावी. राहण्याची जागा विद्यापीठाच्या वसतिगृहात मिळते का, रात्री परतण्याची सोय काय, तेथे आधी शिकलेल्या मुली काय सांगतात, हे बापाने मुलीजवळ बसून शोधावे. एवढा शोध घेतल्यावरही ‘नको’ म्हणावेसे वाटले, तर कारण तिला तोंडावर सांगावे. “लोक काय म्हणतील” हे कारण सुरक्षिततेच्या नावावर खपवू नये. १८८८ चा सव्वा रुपया तो हाच.

सभा संपल्यावर मी मागील दालनात थांबणार आहे. ज्यांच्या घरी प्रवेशपत्र किंवा तिकीट आलेले आहे, त्यांनी कागद घेऊन यावे, आणि ज्याला जावयाचे आहे त्यालाही सोबत आणावे.