पश्चिमेची भिंत



अध्यक्षाने सुरुवातीला आपण या खुर्चीला पात्र नसल्याचे सांगायचे असते. मी सांगत नाही. खुर्चीचा एक पाय डगमगत होता, तो आल्या आल्या मीच पाचर मारून बसवला. एवढी पात्रता मला पुरे आहे.

माझा धंदा पॅटर्नमेकरचा. नगरच्या एमआयडीसीत 34 वर्षे फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न केले. बिडाचा नग ओतायचा तर आधी हुबेहूब लाकडाचा नग करतात, तो वाळूत दाबून साचा उठवतात आणि मग रस ओततात. बीड थंड होताना आकसते, मीटरमागे साधारण 10 मिलिमीटर. म्हणून आमची पट्टी मुद्दाम तेवढी मोठी आखलेली असते. तिच्यावरचा मीटर खरा मीटर नसतो. असा मी आयुष्यभर खोट्या पट्टीने खरी कामे करत आलो. निवृत्त झाल्यावर छोट्या प्रतिकृतींसाठी दुसरी खोटी पट्टी बनवली, ती 1:87 ची. हिच्यावरचा एक फूट म्हणजे साडेतीन मिलिमीटर. नगर जिल्ह्यातली दोन स्टेशने, एक मालधक्का आणि एक वाडा या पट्टीने मोजून मी पलंगाखाली ठेवले आहेत. पलंगाखाली का, ते बायकोला विचारा.

पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय 1998 साली लोकांसाठी खुले झाले. इथल्या अनेकांना हा नाद तिथेच लागला, मलाही. नातवाला दाखवायला नेले होते. दुसरा खेळ सुरू झाला तरी आजोबा जागचे हलेनात, तेव्हा नातूच हात धरून ओढायला लागला. घरी परतताना एसटीत डोक्यात एकच विचार घोळत होता, ही गाडी आपल्या दौंड–मनमाड मार्गावरून धावली तर?

मग कळले की ती जशीच्या तशी धावणारच नाही. 1:87 च्या रुळांत 16.5 मिलिमीटर अंतर असते, ते परदेशातल्या 1435 मिलिमीटरच्या मार्गाला चपखल बसते. आपला मार्ग 1676 मिलिमीटरचा, म्हणजे साडेपाच फूट. मध्यम उंचीचा माणूस दोन रुळांच्या मधे आडवा मावेल एवढा. त्याचे 87 भाग केले तर 19 मिलिमीटरच्या वर जातात. बाजारातले रूळ जवळपास 3 मिलिमीटर अरुंद पडतात. काही कडवे लोक रूळ स्वतः ठोकतात, त्यांना माझा दंडवत. मी रुळांशी तडजोड केली. इमारतींशी केली नाही, आणि आज मला जे बोलायचे आहे ते इमारतींबद्दलच.

आत येताना बाहेरच्या टेबलांवर मांडलेली कामे पाहिली. हात कसलेले आहेत, रंग नेटका आहे. पण सातपैकी पाच टेबलांवर आपले निळे डबे जर्मनीच्या डोंगरातून चालले आहेत. कारण उघड आहे. इमारतींचे तयार संच तिकडून येतात. फालर ही त्यातली जुनी कंपनी, 1946 साली ब्लॅक फॉरेस्ट भागात सुरू झालेली. त्या लोकांनी आपल्या आसपासची घरे केली, उतरत्या छपरांची, बर्फ घसरून जावा म्हणून. त्यांनी बरोबरच केले. चूक आपली आहे. पर्जन्यछायेतल्या जिल्ह्यात बसून आपण बर्फाची सोय असलेली छपरे चिकटवतो.

आपल्या जिल्ह्यात तर छपराचा उतार पाहून तालुका सांगता येतो. अकोल्याच्या पश्चिमेला घाटघर, रतनवाडीकडे जा. पाऊस कोसळतो, छपरे तीव्र उतरती, पाखी खाली ओढलेल्या. तिथून पूर्वेला यायला लागलात की उतार सपाट होत जातो, आणि पारनेर, पाथर्डी, जामखेडच्या जुन्या गावांत पोहोचेपर्यंत छप्पर पार आडवे होते. धाब्याची घरे. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट किंवा काटक्या, त्यावर पाला आणि वर फूटभर पांढरी माती. पाऊस इतका कमी की मातीचे छप्पर टिकते, आणि ऊन इतके की तेच हवे. असे घर 1:87 मध्ये केले तर वरच्या मातीचा थर होतो साडेतीन मिलिमीटर. तो मी खऱ्याच पांढऱ्या मातीचा करतो, वस्त्रगाळ करून आणि पातळ गोंदात कालवून. वाळताना तिला बारीक भेगा पडतात. त्या बुजवायच्या नाहीत.

जुने सुतार घर फुटांत सांगत नसत, खणांत सांगत. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. पाच खणांचे घर म्हटले की ऐकणाऱ्याला सगळे कळे. वाडा करायला घ्याल तेव्हा आधी खण मोजा आणि मग भिंती. मी पहिल्या वाड्याला उलटे केले. भिंती बाहेरून मोजून उभ्या केल्या, आणि आत खांब लावायला गेलो तर शेवटचा खण निम्मा उरला. तळखडे लावून झाले होते. सगळे उचकटावे लागले.

हा छंद साहेबाचा, आपला नव्हे, असे मला एका शिकलेल्या गृहस्थांनी सांगितले. रुळांपुरते ते खरे असेल. पण ज्वारीच्या चिपाडाची बैलगाडी या सभागृहात किती जणांनी केली आहे? हात वर करा. बघा, पुढच्या चार रांगा तर पुऱ्या आहेत. चिपाड सोलायचे, आतला भेंड काढायचा, सालपटाच्या काड्या भेंडात खुपसून जू, साटा, चाके जोडायची. गोंद नाही, खिळा नाही. दिवाळीत दगडमातीचा किल्ला करायचा, त्यावर हळीव पेरून रान उगवायचे. परदेशातले छंदवाले आज डोंगर करायला जे करतात, ते आपण सात-आठ वर्षांच्या वयात अंगणात करत होतो. आणि रुखवत? काड्यापेटीच्या काड्यांची घरे, आइस्क्रीमच्या काड्यांची विहीर, वर रहाट, शेजारी तुळशीवृंदावन. आमच्या थोरल्या वहिनींनी बहिणीच्या लग्नात खोक्यांची आगगाडी केली होती, डब्यांत मनुका आणि काजू भरून. आज व्यासपीठावर सगळे पुरुष आहेत, ही गोष्ट मला खटकते. पुढच्या वर्षी एखादी रुखवत करणारी बाई इथे बसलेली मला पाहायची आहे.

आता थोडे लाकडाविषयी, कारण माझे पोट त्यावरच भरले. लहान करताना सगळे लहान होते, पण लाकडाचे रेषे लहान होत नाहीत. सागवान कितीही चांगले असले तरी त्याची रेघ 1:87 च्या दारावर दोरखंडासारखी दिसते. हळदू घ्या. पूर्वी त्याच्या फण्या करत. रेषा इतकी बारीक की फणीचा दात तुटत नाही, मग आपली चौकट का तुटेल? हळदू मिळाले नाही तर बारीक रेषेचे विनीअर चालते. बाल्सा कापायला सोपा, पण बोटाने दाबला तरी खळगा पडतो. मला तो आवडत नाही, हा माझा दुराग्रह समजा.

दुसरी गोष्ट जाडीची. आइस्क्रीमची काडी 2 मिलिमीटर जाड असते. तिची फळी केलीत तर खऱ्या मापात ती 17 सेंटिमीटर जाडीची होते. असले दार किल्ल्यालाही नसते. तीच जाडी खांबाला मात्र ठीक, म्हणून दात कोरायची काडी वाड्याच्या खांबाला बरोबर बसते. अगरबत्तीची बांबूची काडी वासा म्हणून. आणि एक इंची फळीसाठी सगळ्यात उत्तम वस्तू म्हणजे लग्नपत्रिका. तिचा कागद साधारण 0.3 मिलिमीटरचा असतो, त्याचे 87 पट म्हणजे 26 मिलिमीटर, इंचाला इंच. आमच्या घरी आलेली पत्रिका आता कोणी रद्दीत टाकत नाही. एका भाच्याच्या पत्रिकेतून मालधक्क्याची सरकती दारे झाली. भाचा ती पाहायला आला आणि दारात आपले नाव शोधत बसला. ते रंगाखाली गेले होते.

फजिती सांगतो. स्टेशनाची पहिली भिंत मी पातळ प्लायची केली आणि वरून काळ्या दगडाचे थर कोरलेला कागद पांढऱ्या गोंदाने चिकटवला. रात्री सुरेख दिसत होती. सकाळी पाहतो तर भिंत पापडासारखी वळलेली. कागद वाळताना आकसला आणि त्याने प्लाय आपल्याकडे ओढला. 34 वर्षे लोखंड आकसते हे जाणून पट्टी वापरणाऱ्या माणसाला कागद आकसतो हे सुचू नये! उपाय सोपा आहे. आतल्या बाजूलाही तसाच कागद त्याच वेळी लावायचा आणि वजनाखाली ठेवायचे. माझ्याकडे वजन म्हणून जुन्या पॅटर्नवरून ओतलेला बिडाचा एक नग आहे.

मापे कशी घ्यायची, असे तरुण मुले विचारतात. नकाशे मागायला कचेऱ्यांत खेटे घालू नका. भिंतीला एक मीटरची काठी टेकवा, समोरून सरळ फोटो काढा. मग दगडांचे थर मोजा. एका थराची उंची एकदा मोजली की वरचे शिडीशिवाय मोजता येतात. दार साडेसहा फुटांचे असेल तर आपल्याकडे ते 23 मिलिमीटरच्या आत यायला हवे. मंगळुरी कौल जेमतेम पावणेपाच मिलिमीटर लांब आणि पावणेतीन रुंद. कौले एकेक लावू नका. पट्ट्या कापा, कडा खालून कातरा, एकीवर एक चढवा. आणि फोटो काढताना जे नकोसे वाटते ते टाळू नका. विटांनी बुजवलेली खिडकी, सिमेंटचे ठिगळ, पानाची पिंक. स्पर्धांत परीक्षक स्वच्छ इमारतीला गुण देतात. मी परीक्षक असतो तर बुजवलेल्या खिडकीला देतो, कारण ती खिडकी पाहिल्याशिवाय कुणालाही करता येत नाही.

एक प्रश्न मात्र आधी सोडवायचा असतो, कुठल्या सालातले स्टेशन? नगरच्या पिवळ्या पाटीवरचे नाव आता अहिल्यानगर झाले. तुमच्या पाटीवर अहमदनगर लिहिले की तुम्ही एक काळ निवडलात, मग त्यामागे कुठला डबा उभा करायचा, दिवे कसले, खांबांवर विजेच्या तारा आहेत की नाहीत, हे सगळे त्या अक्षरांनी बांधले जाते. बेलापूर स्टेशन करणाऱ्याला तर आणखी गंमत. पाटी बेलापूरची आणि गाव श्रीरामपूर. बाहेरगावचा पाहुणा चूक काढतो, आणि तुम्हाला समजावून सांगत बसावे लागते. बसा.

आपला दौंड–मनमाड मार्ग 1878 साली सुरू झाला. त्याआधीची दोन वर्षे दुष्काळाची. दुष्काळी कामावर आलेल्या माणसांनी त्याचा भराव घातला. मनमाडपर्यंत सुमारे 235 किलोमीटर, आपल्या मापात पावणेतीन किलोमीटर. एवढी जागा कोणाच्याच घरात नाही, त्यामुळे सगळ्यांना कापाकापी करावी लागते. माझ्या फळीवर विसापूर आणि राहुरी हातभर अंतरावर आहेत. मधले नगर मी गाळले. तुम्ही हसता, पण मोठे स्टेशन करायचा मला मोह नाही. माझे वडील गँगमन होते. आम्ही राहुरीच्या अलीकडे रुळांलगतच्या क्वार्टरमध्ये वाढलो, चार खोल्यांची दगडी चाळ, पुढे लाकडी खांबांचा सोपा. सध्या मी तीच करतो आहे.

ती मागच्या टेबलावर ठेवली आहे, चहाच्या वेळी पाहा. पूर्वेची बाजू पुरी झाली आहे. आईची चूल बाहेर होती, म्हणून त्या जागी भिंत काळी केली आहे. दक्षिणेला हातपंप आहे. उत्तरेचे दार चिखलाने माखलेले, वडील पावसाळ्यात तिकडूनच यायचे. पश्चिमेची भिंत नाही. दुहेरीकरणाच्या कामात चाळ गेली. माझ्याकडचे सगळे फोटो पूर्वेकडून काढलेले आहेत, गाडी येताना दिसावी म्हणून. त्या भिंतीला खिडक्या दोन होत्या की तीन, यावर धाकट्या भावाचे आणि माझे वर्षभर भांडण चालू आहे. तो तीन म्हणतो. या सभागृहात रेल्वेत काम केलेल्यांची मुले बरीच दिसतात. तुमच्यापैकी कोणाच्या घरी 1990 च्या आधीचा, संध्याकाळच्या उन्हात काढलेला, त्या बाजूचा फोटो असेल, लग्नाचा, बारशाचा, कुठलाही, मागे भिंत दिसली तरी पुरे, तर चहा घेताना मला भेटा. मी टेबलापाशीच आहे.