वीज, पाणी, कारखाना आणि आपलं इंग्रजी



आयोजकांनी मला विषय दिला होता ‘करिअरसाठी इंग्रजी’. मी तो जरा आवळून घेतला आहे. इंग्रजी हा मोठा मुलूख आहे, तासाभरात त्यातली एक गल्लीसुद्धा नीट फिरून होणार नाही. म्हणून आज फक्त वीज, पाणी आणि कारखाना या तीन गोष्टींचे शब्द. इथं बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरात कुणीतरी यांतल्या एकावर पोट भरतं. कुणाचे अब्बा वायरमन आहेत, कुणाचे मामू मोटार रिवाइंडिंग करतात, कुणाची आपा केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये आहे. आणि विजेचे दर, कारखान्याचे परवाने, पाण्याचे निकष ज्या कागदांवर ठरतात, त्यांतले बरेच कागद इंग्रजीत असतात.

मी इचलकरंजीचा. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग इंजिनिअरिंग. आता पुण्यात मीटरची रीडिंग गोळा करणारं सॉफ्टवेअर लिहितो. इंग्रजीची भीती मला ठाऊक आहे, त्यामुळे ‘रोज दहा शब्द पाठ करा’ असं मी सांगणार नाही. तसे पाठ केलेले शब्द परीक्षेपर्यंत टिकतात आणि निकालाच्या आधी पळून जातात.

सुरुवात तुमच्याकडे आधीच असलेल्या शब्दांपासून करू. आमच्या गावात शाळेची पायरी न चढलेला माणूसही सायझिंग, वार्पिंग, बीम, बॉबिन, रीड, पिक हे शब्द दिवसभर बोलतो. मागावरची मजुरी पिकावर ठरते. पिक म्हणजे आडव्या धाग्याची एक फेरी. उभा धागा वार्प, आडवा वेफ्ट. आपला ताणा-बाणा तोच. सायझिंगमधल्या ‘साइज’चा मापाशी काही संबंध नाही, तो शब्द खळीचा आहे. उभ्या धाग्याला खळ लावायची, म्हणजे तो मागावर घासून तुटत नाही. हे आमच्याकडचा कोणताही कामगार हाताने दाखवू शकतो. तोच कामगार ‘मला इंग्रजी येत नाही’ म्हणतो, आणि आपण मान डोलावतो. मला हे पटत नाही. त्याच्याकडे शब्द आहे, अर्थ आहे, हातात कामही आहे. नाही ते फक्त स्पेलिंग आणि एक साधं वाक्य.

‘मिल’ हा शब्द घ्या. इंग्रजीत मिल म्हणजे मुळात दळायची चक्की. यंत्रं आली तशी कापडाचीही मिल झाली. मराठीत ‘गिरणी’चं हेच झालं. पिठाची गिरणी, कापडाची गिरणी आणि मुंबईचे गिरणी कामगार. दोन भाषा एकाच वाटेनं चालल्या. औरंगाबादची पाणचक्की पाहिली असेल तर आजचे तिन्ही विषय तिथं एकत्र आहेत. लांबून नळांतून आणलेलं पाणी उंचावरून पडतं, त्याच्या जोरावर जातं फिरायचं आणि पीठ दळलं जायचं. त्या पडणाऱ्या पाण्याच्या उंचीला इंजिनिअर ‘हेड’ म्हणतात. डोकं नव्हे, उंची. कोयनेच्या वीजघराच्या कागदांतही तुम्हाला हाच हेड भेटेल.

गोची इथंच होते. या क्षेत्रातले अवघड शब्द लांबलचक नसतात. ते ओळखीचे दिसतात आणि दुसराच अर्थ घेऊन बसलेले असतात. पॉवर प्लांटमधला ‘प्लांट’ रोप नाही. मोबाइलचं भाषांतर कधीकधी त्याचं रोप करून ठेवतं. ‘ड्यूटी’ तर बहुरूपीच. भाऊ ड्यूटीवर गेला ती एक. वीज बिलात इलेक्ट्रिसिटी ड्यूटी असते ती दुसरी, म्हणजे सरकारचं वीज शुल्क. आणि मोटारीच्या पत्र्यावर ‘ड्यूटी एस१’ कोरलेलं असतं ती तिसरी. ही मोटार सलग चालवायला बनवली आहे, एवढाच तिचा अर्थ. ‘लोडशेडिंग’मधलं शेडिंग पत्र्याच्या शेडचं नव्हे. शेड म्हणजे अंगावरून टाकून देणं, झाड पानं टाकतं तसं. पुरवठा कमी पडला की काही भागांचा भार यंत्रणेवरून टाकून द्यायचा. मराठीत त्याला भारनियमन म्हटलं गेलं. इंग्रजी शब्द टाकून देतो, मराठी शब्द नियमात बसवतो. अंधारात बसणाऱ्याला कोणता जास्त खरा वाटेल, तुम्हीच ठरवा.

आता वीज बिल. घरगुती बिल मराठीत येतं : स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार. हे दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो आणि आयोगाचा आदेश इंग्रजीत असतो. तिथं हेच शब्द फिक्स्ड चार्ज, एनर्जी चार्ज, व्हीलिंग चार्ज, फ्युएल अ‍ॅडजस्टमेंट चार्ज असे येतात. बिल आणि आदेश शेजारी ठेवा, फुकटचा शब्दकोश झाला. शिवाय त्यातल्या प्रत्येक शब्दापुढे रक्कम आहे, आणि पैशाला चिकटलेला शब्द माणूस सहसा विसरत नाही.

पण शब्दाच्या मागची मोजणी कळली नाही तर शब्द पोकळ राहतो. पॉवर आणि एनर्जी रोजच्या बोलण्यात एकच वाटतात. बिलात नाहीत. पॉवर म्हणजे या क्षणी किती जोरात वीज ओढली जाते, ती किलोवॅटमध्ये. एनर्जी म्हणजे एकूण किती वापरली. ती किलोवॅट-अवरमध्ये, आपण जिला युनिट म्हणतो. १०० वॅटचा दिवा १० तास चालला की एक युनिट. नळाची धार म्हणजे पॉवर आणि भरलेली बादली म्हणजे एनर्जी. ‘सँक्शन्ड लोड’ म्हणजे किती जाडीच्या धारेची तुम्हाला परवानगी आहे. ‘मॅक्झिमम डिमांड’ म्हणजे महिन्याभरात धार जास्तीत जास्त किती जाड झाली होती. ही डिमांड बाजारातली मागणी नाही आणि लग्नातली तर नाहीच.

आमच्या नात्यातल्या एका चाचांचा ४८ मागांचा कारखाना होता. मागाला एक हॉर्सपॉवरची मोटार. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे सगळे मिळून सुमारे ३६ किलोवॅट. काही वर्षांपूर्वी त्यांच्या बिलात दर महिन्याला ‘पॉवर फॅक्टर पेनल्टी’ येत होती. चाचा समजत होते की हा एखादा टॅक्स आहे, सगळ्यांनाच असेल. भरत राहिले. कुणाला विचारणार? ऑफिसात विचारलं तर उत्तर मिळालं, ‘नियमाप्रमाणे आहे.’ उत्तर खोटं नव्हतं. फक्त उपयोगाचं नव्हतं. मोटारीला कामाच्या विजेबरोबर चुंबकत्व उभं करायलाही वीज लागते. ती काम करत नाही, नुसती ये-जा करते आणि तारांमधली जागा अडवते. ओढलेल्या एकूण विजेपैकी किती हिस्सा कामाचा, तो पॉवर फॅक्टर. तो ०.८ असेल तर ३६ किलोवॅटच्या कामासाठी ४५ केव्हीए ओढावे लागतात. यावर उपाय कपॅसिटर. चाचांच्या पॅनेलमध्ये कपॅसिटर होते, पण निकामी होऊन पडले होते. ते बदलले आणि पुढच्या बिलांतून दंड गेला. भरलेले पैसे मात्र परत आले नाहीत. चाचांना एवढंच कुणी सांगायला हवं होतं की पेनल्टी म्हणजे दंड, टॅक्स नव्हे. टॅक्स भरतात, दंड का लागला ते विचारतात.

‘फिक्स्ड चार्ज’वरून आणखी एक आठवण, ही अख्ख्या राज्याची. १९९० च्या दशकात कोकणात गुहागर तालुक्यात दाभोळचा वीज प्रकल्प आला. ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला. त्या करारात दराचे दोन भाग होते, कपॅसिटी चार्ज आणि एनर्जी चार्ज. एनर्जी चार्ज घेतलेल्या विजेचा. कपॅसिटी चार्ज प्रकल्प तयार उभा आहे याचा. वीज घ्या किंवा घेऊ नका, तो चालूच. वीज महाग म्हणून मंडळाने ती कमी घेतली, तर तीच स्थिर रक्कम कमी युनिटांवर पसरली आणि युनिट आणखी महाग पडलं. बिनवापराचा मोबाइल पॅक आठवा. तुमच्या घर बंद असतानाही येणाऱ्या बिलातला स्थिर आकार याच घराण्यातला आहे.

पाण्याकडे येऊ. पावसाळ्यात आमच्याकडे क्यूसेक आणि टीएमसी हे शब्द चहाच्या टपरीवर असतात. क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर, अंदाजे दोन घागरी. ही झाली धार. टीएमसी म्हणजे थाउजंड मिलियन क्यूबिक फीट, अब्ज घनफूट. ही बादली. कोयना धरणाची क्षमता सुमारे १०५ टीएमसी. मी डोक्यात एकच आकडा ठेवतो : ११,५७४ क्यूसेकची धार २४ तास वाहिली की एक टीएमसी होतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगली-कोल्हापूरकडे मोबाइलवर काय काय फिरत होतं, ते तुम्ही पाहिलं असेल. कुणी लिहिलं की ‘आज रात्रीत दहा टीएमसी सोडणार’, तर बारा तासांत दहा टीएमसी म्हणजे जवळपास २ लाख ३१ हजार क्यूसेक. पाटबंधारे खात्याच्या त्या दिवसाच्या पत्रकात ‘डिस्चार्ज’पुढे किती आहे ते बघायचं. दोन मिनिटांचं काम. घर सोडायचं की नाही हे ठरवताना ही दोन मिनिटं फार मोलाची असतात.

पिण्याच्या पाण्याला ‘पोटेबल’ म्हणतात. ‘पोर्टेबल’ नव्हे, ते उचलून नेण्याजोगं. नळावर ‘नॉन-पोटेबल’ लिहिलं असेल तर ते प्यायचं नाही. भारतीय मानक ‘आयएस १०५००’ मध्ये पिण्याच्या पाण्याचे निकष आहेत आणि तिथं दोन शब्द शेजारी उभे असतात : ‘अ‍ॅक्सेप्टेबल’ आणि ‘परमिसिबल’. विरघळलेल्या क्षारांची अ‍ॅक्सेप्टेबल मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम, परमिसिबल २००० मिलिग्रॅम. चौपट! आणि परमिसिबलला एक अट चिकटलेली आहे : दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तरच. त्यामुळे ‘तुमच्या बोअरचं पाणी परमिसिबल लिमिटमध्ये आहे’ असं कुणी म्हणालं, की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘दुसरा स्रोत खरंच नाही का?’

कारखान्याच्या कागदांत सांडपाण्याला ‘एफ्लुएंट’ म्हणतात, धुराड्यातून जातं ते ‘एमिशन’. ‘कन्सेंट टू ऑपरेट’ म्हणजे कारखाना चालवायला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. हे सोपं आहे. सांभाळायचं ते विशेषणांपासून. २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे ज्या मोठ्या प्रकल्पांना जनसुनावणी लागते, त्यांच्या पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. पूर्ण अहवाल बहुधा इंग्रजीतच असतो. त्यात ‘निग्लिजिबल’, ‘अ‍ॅडिक्वेट’, ‘सिग्निफिकंट’ असे शब्द पेरलेले असतात. नगण्य, पुरेसं, लक्षणीय. यांच्या शेजारी आकडा नसेल तर ते निव्वळ मत आहे. ‘बेसलाइन’ म्हणजे प्रकल्पाआधीची मोजणी. ती कोणत्या महिन्यांत केली हे बघा. कोकणातली खाडी पावसाळ्यात वेगळी असते आणि उन्हाळ्यात वेगळी.

कोकणातल्या एका जनसुनावणीला मी मागच्या रांगेत बसलो होतो. बरेच जण बोलले, जोरात बोलले, टाळ्या पडल्या. मग मासेमारी करणाऱ्या घरातली एक मुलगी उठली, बारावीत असेल. तिने मराठीतच विचारलं, ‘साहेब, तुमच्या अहवालात ट्रीटेड एफ्लुएंट खाडीत सोडणार असं लिहिलंय. ट्रीट केल्यावर त्यात काय उरतं, किती उरतं, ते कोणत्या पानावर आहे?’ मंचावर पानं उलटायला लागली. बराच वेळ उलटत होती. शेवटी, ‘लेखी उत्तर देऊ’, असं सांगून तो प्रश्न इतिवृत्तात नोंदवला गेला. तिला सफाईदार इंग्रजी येत होतं का, मला माहीत नाही. तीन शब्द पक्के येत होते आणि ते कुठे छापलेत हे ठाऊक होतं.

घरी गेल्यावर काय करायचं? वहीत शब्द लिहा, पण एकटा लिहू नका. शेजारी तो कुठे छापलेला सापडला ते लिहा आणि त्याचं माप लिहा. मोटारीच्या पत्र्याचा फोटो काढा. पाव हात जागेत दहा-बारा शब्द असतात. अब्बांना, चाचांना विचारा की हा शब्द तुम्ही कामावर कसा बोलता. ‘व्हॉल्व्ह’ला ते ‘वॉल’ म्हणतील, हसू नका. ते उच्चार चुकवतात, व्हॉल्व्ह चुकवत नाहीत. मग तो शब्द घालून एक वाक्य बनवा, खरं असलेलं : आमच्या घराचा सँक्शन्ड लोड इतका आहे. मुलाखतीत विचारतात तेव्हा अशी वाक्यं आपोआप तोंडावर येतात.

ज्यांनी बिलं आणली आहेत त्यांनी ती आता बाहेर काढा. नाव आणि ग्राहक क्रमांक दुमडून झाका, शेजारच्याला दाखवू नका. आधी सँक्शन्ड लोड म्हणजे मंजूर भार शोधा, मग घरातल्या पंखे, फ्रिज, मोटारीच्या वॅटची बेरीज मांडा. ज्याची बेरीज मंजूर भाराच्या वर जाईल, त्याने हात वर करा, त्याचं बिल आपण फळ्यावर घेऊ.