नदीत उतरलेलं औषध



गोरेवाड्याहून निघालेली पिवळी नदी जरीपटक्याच्या बाजूने उत्तर नागपूर ओलांडते आणि पुढे नाग नदीला मिळते. तिथून हे पाणी कन्हानेत, कन्हानेतून वैनगंगेत आणि शेवटी गोसीखुर्दच्या धरणात जातं. वाटेत याच पाण्यावर पालक, मेथी, सांभार पिकतो आणि शहराच्या बाजारात परत येतो.

या पाण्यात अँटिबायोटिक दोन बाजूंनी उतरतं. घरं आणि दवाखान्यांचं सांडपाणी तर आहेच. पण जनावराला, कोंबडीला दिलेल्या औषधाचा बराच भागही शेणा-मुतातून, विष्ठेतून बाहेर पडतो. कच्चं कोंबडीखत शेतात पडलं की पहिल्या जोराच्या पावसात ते ओढ्याला लागतं. पाण्यातली मात्रा इतकी थोडी, की सगळे जिवाणू मरत नाहीत. जे तग धरतात त्यांचंच फावतं. शिवाय तग धरण्याचं जनुक ते शेजारच्या, वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतात. हा जिवाणू माणसाच्या पोटात गेला, की नेहमीचं औषध लागू पडत नाही. 2019 या एका वर्षात जगभरात सुमारे 12.7 लाख माणसं थेट अशा संसर्गांनी दगावली, असा अंदाज आहे.

कोलिस्टिनचंच बघा. बाकी औषधं हरली की अतिदक्षता विभागातले डॉक्टर त्याच्याकडे वळतात. तेच औषध निरोगी कोंबड्यांना, वजन लवकर भरावं म्हणून, खाद्यातून दिलं जात होतं! भारताने जुलै 2019 मध्ये त्यावर बंदी घातली. निर्णय चांगला, पण उशिराचा.

स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोगावर गुण देणारं पहिलं अँटिबायोटिक. लिंबाच्या खैऱ्यावर, डाळिंबाच्या तेल्यावर आपल्याकडे त्याचीच फवारणी होत आली. डिसेंबर 2021 मध्ये केंद्राने या वापरावरच्या बंदीचा मसुदा काढला. शेतकऱ्याला मात्र मी दोष देणार नाही. बाग हातची जाताना कृषिकेंद्रवाला देईल ते तो फवारतो. त्याला वेळेवर दुसरा उपाय सांगणारं माणूस बांधावर पोचायला हवं.

आणि नदीचं पाणी तपासताना कोलिफॉर्म जिवाणू किती, एवढंच मोजून भागणार नाही. ते कोणत्या औषधांना दाद देत नाहीत, हेही तपासायला हवं. नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि पशुवैद्यक महाविद्यालय, दोन्ही नागपुरातच आहेत. पिवळी, नाग आणि कन्हान या तिन्ही नद्यांच्या पाण्याची अशी तपासणी दर पावसाळ्याआधी आणि नंतर व्हावी, आणि तिचे निकाल काठच्या गावांना मराठीत कळावेत, ही माझी मागणी आहे.