हिरवळ मोडून वाफा करतांना

अंगणांतील हिरवळीचा एक तुकडा मोडून तेथें भाजीचा वाफा करावा, असें अनेक गृहस्थांच्या मनांत येतें. काम वरवर पाहतां सोपें. परंतु दख्खनच्या अंगणांत हिरवळ म्हणून जें गवत असतें, तें बहुधा हरळी होय. हरळीचा स्वभाव ओळखल्याशिवाय जो कुदळ उचलतो, त्याचा एक हंगाम व्यर्थ जातो.

हरळी दोन वाटांनीं पसरते. तिचे तंतू जमिनीवरून धांवतात व पेऱ्यापेऱ्याला मुळें धरतात. शिवाय पांढऱ्या, टणक काशा मातीखालून सरकत असतात. बहुतेक काशा वरच्या वीतभर थरांत सांपडतात. खोल काळ्या जमिनींत कांहीं दोन-अडीच फूट खालींही जातात. एक जिवंत पेरें असलेला काशीचा बोटभर तुकडाही पुन्हां उगवतो. म्हणून खुरप्यानें पातीं कापणें ही तिची नुसती हजामत. आणि भर पावसाळ्यांत खणून ढेकळें फोडणें म्हणजे तर तिची लावणीच होय.

येथें इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांचा मोह पडतो. दुसऱ्या महायुद्धांत, १९३९ ते १९४५ या काळांत, इंग्लंडमध्यें पुष्कळ हिरवळी मोडून भाजीपाला लावण्यांत आला. गवताचे थर सोलून ते चराच्या तळाशीं उलटे पुरीत; थंड हवेंतील तें गवत कुजून त्याचें खत होई. हरळी मात्र अशी पुरली तर काशांत सांठविलेल्या अन्नावर तग धरते व पुन्हां वर येते. ती मरते ती चैत्र-वैशाखाच्या उन्हानें.

यासाठीं जागा आधीं भिजवावी आणि वापसा येतांच कुदळीनें हातभर खोल खणावी. काशा तोडूं नयेत. माती सैल करून त्या अखंड ओढून घ्याव्या. ढेकळें तशींच उन्हांत तापूं द्यावीं. पंधरा दिवसांनीं तीं उलथून, दांताळ्यानें राहिलेल्या काशा वेंचाव्या. वेंचलेल्या काशा कडकन मोडतील इतक्या वाळल्याशिवाय खताच्या खड्ड्यांत टाकूं नयेत. नाहींतर खताबरोबर त्या पुन्हां वाफ्यांत येतात.

एवढें करूनही थोडी हरळी उरतेच. तिच्यावर दुसरा उपाय सावलीचा. पानांना ऊन मिळालें नाहीं, म्हणजे काशांतील सांठा भरून निघत नाहीं. पहिल्या पावसावर त्या जागीं ताग दाट पेरावा. सुमारें दीड महिन्यांनीं, फुलें दिसूं लागतांच, तो कापून मातींत गाडावा. हरळी दबते आणि जमिनीस हिरवें खतही मिळतें. आश्विनांत तेथें मेथी, कोथिंबीर, वांगीं खुशाल लावावीं.

वाफा चार फुटांहून रुंद नसावा, म्हणजे दोन्ही बाजूंनीं हात मध्यापर्यंत पोहोंचतो. शेजारची हिरवळ राखावयाची असल्यास मध्यें वीतभर खोल नाली ठेवावी व तींत उतरणारे तंतू दर पंधरवड्यास कापावे. नालीची ही राखण चुकली, तर एका पावसाळ्यांत हरळी वाफ्यांत परत येते. गणपतीसाठीं दूर्वा हव्या असतील त्यांनीं तिला एखाद्या कुंडींत जागा द्यावी. दूर्वा म्हणजे हीच हरळी, आणि कुंडींत ती बेतानें राहते.