टर्बोचा दाब : स्क्रूने की संगणकाने?

(वडोदरा येथे मराठीभाषक श्रोत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय व्यासपीठापेक्षा गॅरेजमध्ये अधिक बोलला जातो. टर्बो बसविलेल्या गाडीची ताकद वाढविण्यासाठी हाताने फिरवावयाचा बूस्ट कंट्रोलर लावावा, की इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलून घ्यावी, असा हा प्रश्न आहे. मी कलाशाखेचा पदवीधर. तेव्हा हा विषय मला ज्या क्रमाने उलगडला त्याच क्रमाने तो आपणापुढे ठेवतो. यंत्रविद्या लोकांच्या भाषेत सांगावी हा विचार या नगरीस नवा नाही. १८९० साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी येथे कलाभवन स्थापिले, तेव्हा प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांचा हाच आग्रह होता.

टर्बो म्हणजे काय, हे प्रथम पाहू. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर वाया जातो. त्या धुराच्या वाटेवर पात्यांचे एक चाक बसवावे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास दुसरे चाक बसवावे आणि त्या दुसऱ्या चाकाने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावी, ही ती कल्पना. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने तिचे पेटंट १९०५ साली घेतले. हवा अधिक भरली म्हणजे इंधन अधिक जाळता येते आणि तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून अधिक काम निघते. मोटारीतील हे चाक मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेते. ते ज्या तेलाच्या पातळ थरावर तरंगते, तो थर क्षणभर तुटला तरी दांडा झिजू लागतो.

हवेचा दाब वाढत गेला तर तो कोठे थांबावयाचा? येथे आपल्या आजवा तलावाचे उदाहरण मला सोयीचे वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहरास पाणी मिळावे म्हणून महाराजांनी हा तलाव बांधविला. पाणी ठराविक पातळीवर गेले की ते सांडते आणि विश्वामित्रीस जाऊन मिळते. टर्बोलाही असाच एक सांडवा असतो. कारागीर त्याला वेस्टगेट म्हणतात. हवेचा दाब एका बारीक रबरी नळीने एका डबीत जातो. डबीत पडदा आणि स्प्रिंग असते. दाब ठराविक मर्यादेस पोहोचला की पडदा स्प्रिंगला रेटतो, दांडी सरकते, झडप उघडते आणि काही धूर चाकाला वळसा घालून परस्पर निघून जातो. चाकाचा वेग आवरला जातो आणि दाबही आवरतो.

हाताचा बूस्ट कंट्रोलर या बारीक नळीत बसतो. तो पितळेचा वा ॲल्युमिनियमचा अंगठ्याएवढा तुकडा असतो. त्याच्या एका प्रकारात नळीतील थोडी हवा बाहेर सोडली जाते. दुसऱ्यात गोळी आणि स्प्रिंग असते व ठराविक दाबापर्यंत ती गोळी हवेला पुढे जाऊच देत नाही. दोहोंचा परिणाम एकच. प्रत्यक्षात दाब मर्यादेपर्यंत चढलेला असतो. परंतु डबीला तो कमी भासतो आणि सांडवा उशिरा उघडतो. सांडव्यावर वाळूची पोती रचून तलावाची पातळी वाढवावी, तसाच हा प्रकार. पाणी जास्त साठते हे खरे, पण बांध होता तेवढाच राहतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी ज्यांच्या घरात शिरले होते, त्यांना पातळीचा अर्थ अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

या साधनाची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. ते स्वस्त आहे, डोळ्यांना दिसते, बोटांनी फिरते आणि बिघडले तर कोणालाही कळते. जुन्या, यांत्रिक नियंत्रणाच्या इंजिनावर, दाबाचा काटा समोर ठेवून, जाणत्याने ते वापरले तर त्याचे काम ते चोख करते. शर्यतीच्या गाड्यांवर ते वर्षानुवर्षे वापरले गेले आहे. अडचण अशी की, या तुकड्याला एकच गोष्ट ठाऊक असते. आजचे इंधन कसे आहे, दुपारचे ऊन किती आहे, गाडी पावागडच्या चढणीवर आहे की मोकळ्या महामार्गावर, हे त्याला कळण्याचा काही मार्गच नाही.

आता पेट्रोल आणि डिझेल यांत भेद केला पाहिजे. पेट्रोल इंजिनात दाब आणि उष्णता मर्यादेबाहेर गेली की ठिणगीने पेटलेली ज्वाळा पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण कोपऱ्यातून आपोआप पेट घेते. त्यालाच गॅरेजात नॉकिंग म्हणतात. दट्ट्यावर हातोडीचे घाव बसावेत तसे ते असते आणि थोड्या वेळात दट्ट्याचा काठ तुटू शकतो. डिझेल इंजिनाचे तसे नाही. त्यात हवा मुळातच इंधनाच्या गरजेहून अधिक असते. त्यामुळे नुसती हवा वाढवून ताकद फारशी वाढत नाही. मग कारागीर पंपाचा स्क्रूही फिरवितो, इंधन वाढते, मागून काळा धूर येतो आणि मालकाला वाटते की गाडीत जोर आला. तो धूर म्हणजे आपण पैसे मोजून घेतलेले, न जळलेले डिझेल होय. शिवाय हल्लीच्या अनेक डिझेल गाड्यांत वेस्टगेटच नसतो. चाकाभोवतीची पातीच उघडमीट करून दाब सांभाळला जातो. त्यांवर हा पितळी तुकडा लावणे निरर्थक आहे.

दाबाला आवर घालण्याचा प्रश्न पहिल्या टर्बो मोटारींनाच पडला होता. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९६२ साली ओल्ड्समोबिल जेटफायर ही गाडी काढली. नॉकिंग टाळण्यासाठी तिच्या इंजिनात पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण फवारले जाई. त्याची टाकी मालकाने भरून ठेवावयाची होती. मालक विसरत, टाकी रिकामी झाली की सुरक्षेची झडप दाब रोखी आणि गाडीत दम नाही अशी तक्रार येई. अखेर अनेक गाड्यांवरील टर्बो काढून टाकण्यात आले. पुढे १९८०च्या दशकाच्या आरंभी स्वीडनच्या साब कंपनीने निराळी वाट काढली. इंजिनावर नॉकिंग ऐकणारा एक कान बसविला आणि आवाज येताच विजेच्या झडपेने दाब उतरविण्याची व्यवस्था केली. मालकाच्या स्मरणावर सोपविलेले काम यंत्राने स्वतःकडे घेतले.

आजचा इंजिन-संगणक हा त्याच कानाचा विस्तार आहे. नळीतील दाब, हवेची उष्णता, पाण्याची उष्णता, धुरातील प्राणवायू, पायाखालच्या पेडलची स्थिती या सर्वांची नोंद घेऊन तो इंधन, ठिणगीची वेळ आणि दाब ही तिन्ही एकत्र ठरवितो. वडोदऱ्यापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर हालोल येथील कारखान्यात २०१९ पासून तयार होऊ लागलेल्या एमजी हेक्टरचे दीड लिटरचे पेट्रोल इंजिन १४३ अश्वशक्ती देते, ते याच मेळामुळे. अशा इंजिनाच्या नळीत कोणी पितळी तुकडा बसविला, तर संगणकाला अपेक्षेहून जास्त दाब दिसतो. मग तो इंधन तोडतो वा गाडी अशक्त अवस्थेत चालवितो आणि समोर पिवळा दिवा लागतो. पैसे देऊन गाडी हळू करून घेतल्यासारखे हे होते.

म्हणून दोहोंपैकी एक निवडावयाचेच असेल, तर आजच्या गाडीसाठी संगणकाची वाट अधिक शहाणपणाची, असे माझे मत आहे. आज्ञावली जाणकाराने बदलली तर दाबाबरोबर इंधन आणि ठिणगीही बदलते आणि नॉकिंग ऐकणारा कान उघडा राहतो. परंतु यात एक पोटभेद आहे. बाजारात एक लहान पेटी मिळते. ती डिझेल गाडीच्या इंधनदाबाच्या संवेदकाला जोडली की दाब कमी असल्याचा खोटा निरोप संगणकास जातो आणि तो दाब वाढवितो. नाव संगणकाचे, पण रीत त्या पितळी तुकड्याचीच.

आज्ञावलीचा मोठा दोष म्हणजे ती दिसत नाही. फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल गाड्यांत चाचणी ओळखून धूर कमी दाखविणारी आज्ञावली असल्याचे सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झाले. पुण्याच्या एआरएआय संस्थेने येथील गाड्या तपासल्यानंतर त्याच वर्षी डिसेंबरात भारतातील सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविण्यात आल्या. हालोलमध्येच तयार झालेल्या, आपल्या सर्वांच्या परिचयाच्या टवेरा गाड्यांपैकी १ लाख १४ हजार गाड्या जनरल मोटर्सने जुलै २०१३ मध्ये परत बोलाविल्या होत्या. उत्सर्जन चाचणीत कर्मचाऱ्यांनी नियम डावलल्याचे कंपनीच्या अंतर्गत चौकशीत आढळले होते. एवढ्या मोठ्या कारखान्यांत जे लपून राहिले, ते गल्लीतील संगणकावर अर्ध्या तासात बदललेल्या आज्ञावलीत लपणे मुळीच अवघड नाही. पीयूसीची तपासणीही गाडी उभी असताना होते, चढणीवर ओझे ओढताना नव्हे. तेव्हा पीयूसीचा कागद हाती आहे म्हणजे इंजिन मूळच्यासारखेच आहे, असे समजू नये.

अधिकारीवर्ग येथे आहे म्हणून कायद्याचे थोडक्यात सांगतो. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ अन्वये, उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलांपासून नोंदणीपुस्तकातील तपशील भिन्न होतील असा बदल वाहनमालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. स्क्रूने केलेला बदल आणि संगणकाने केलेला बदल असा भेद तेथे नाही. कर्ज काढून जीप घेणाऱ्या आणि तिच्यावर घर चालविणाऱ्या माणसाने विमा कंपनीचाही विचार करावा. अपघातानंतर इंजिनात न कळविलेला बदल आढळला, तर दावा अडण्याची वेळ येऊ शकते.

परंतु मला अधिक महत्त्वाचे वाटते ते निराळेच आहे. गाडीत पिकअप राहिला नाही म्हणून जे लोक ताकद वाढवावयास निघतात, त्यांच्या गाडीची मूळ ताकद पुष्कळदा कोठेतरी गळत असते. हवेच्या जाड रबरी नळीला चीर जाते. भार पडला की ती उघडते आणि फुस्स असा आवाज येतो. हवेच्या गाळणीत खेड्यातील रस्त्यांची धूळ बसते. टर्बोमागून येणारी तप्त हवा ज्या जाळीतून थंड होते, त्या इंटरकूलरवर चिखल सुकतो. वेस्टगेटची दांडी गंजून अर्धवट उघडी राहते. यांपैकी काहीही बिघडले तर दाब पुरेसा चढत नाही, आणि त्यावर उपाय म्हणून स्क्रू आवळणे म्हणजे फुटक्या घागरीत जोराने पाणी ओतण्यासारखे आहे. साबणाचे पाणी नळीच्या जोडांवर लावून, मदतनिसाकडून इंजिन वाढवून घेतले, तर मोठी गळती बुडबुड्यांवरून कळते. शिक्षकांना हा प्रयोग सायकलच्या ट्यूबवर वर्गातही करून दाखविता येईल.

तेल वेळेवर, कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच घालावे. चढण चढून आल्याबरोबर इंजिन एकदम बंद करू नये. मिनिटभर हळू चालू द्यावे, म्हणजे तापलेल्या दांड्यास तेल मिळत राहते.

जुनी टर्बो गाडी विकत घेणाऱ्यांसाठी एक सूचना राहिली. बॉनेट उघडून वेस्टगेटच्या डबीकडे जाणारी बारीक नळी आरंभापासून अखेरपर्यंत बोटाने तपासावी. मध्येच फिरकी वा तुकडा लागला तर विक्रेत्यास विचारावे आणि मूळ नळी बसवून मगच गाडी चालवून पाहावी. आज्ञावली बदलली असल्याची शंका आली तर अधिकृत सेवाकेंद्रात तिची तपासणी करून घ्यावी व मूळ आज्ञावली परत घालून मागावी. बाहेर आवारात दोन डिझेल गाड्या उभ्या आहेत. त्यांच्या मालकांनी बॉनेट उघडण्यास संमती दिली आहे; आपण तेथेच जाऊन ती नळी कोणती, ते पाहू या.